फर्मा आणि अर्धविराम

आमच्याकडे पुस्तकांचं कपाट करायला घेतलं होतं. मी मुद्रितशोधक, घरात आलेलं पुस्तक परत जात नाही, म्हणून शेवटी भिंतभर कपाट. रविवारी सुतार सुट्टीवर होता. हॉलमध्ये भुसा, फेव्हिकॉलचा वास, आणि अर्धवट सांगाड्याला टेकवून ठेवलेली प्लायवूडची एक लांब पट्टी. पट्टीला दर दोन इंचांवर एक भोक. फळ्या ज्या खुंट्यांवर टेकतात त्यांची भोकं दोन्ही अंगांना बरोब्बर समोरासमोर यावीत, म्हणून सुताराने स्वतःच करून घेतलेला फर्मा.

जेवायला माझा मेव्हणा आला होता. तीसेक वर्षं त्याने एका बँकेच्या संगणक विभागात सिस्टिम ॲडमिन म्हणून काढली. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला. माझी मुलगी हिंजवडीतल्या एका कंपनीत तेच काम करते, फक्त आता त्याला साइट रिलायबिलिटी इंजिनिअर असं भारदस्त नाव आहे. त्या आठवड्यात ती ऑन-कॉल होती. म्हणजे पानात डावीकडे चटणी-कोशिंबीर आणि त्याच्याही डावीकडे फोन.

हात धुऊन आल्यावर मेव्हण्याने तो फर्मा उचलला आणि तिथून जे सुरू झालं ते जमेल तसं उतरवून ठेवलं आहे. बोलणारे दोघंच, मामा आणि भाची. मधेमधे मी.

मामा : हे बघ. माझी सगळी नोकरी या पट्टीत आली. हा फर्मा बाजारात मिळत नाही, आणि मिळाला असता तरी तुझ्या बाबाच्या कपाटाला बसला नसता, कारण ही भिंतच ओळंब्यात नाही. सुतार आला, त्याने भिंत बघितली आणि कपाटाला हात लावायच्या आधी अर्धा दिवस असले फर्मे करत बसला. आम्हीही तेच केलं. बँकेने सर्व्हर विकत घेतले, डेटाबेस विकत घेतला. ते सांभाळायची हत्यारं मात्र आम्ही घरी घडवली.

भाची : पण कपाट झालं की सुतार फर्मा फेकून देतो, मामा. तुमचे फर्मे तुम्ही गेल्यावरही चालत राहतात. २०२४च्या दिवाळीत पाडव्याला तुला फोन आला होता, आठवतंय?

मामा : तो विषय सणासुदीचा नाही.

भाची : आज सण नाहीये. पण राहू दे, त्याच्याकडे येऊच. आधी हे सांग, विकत का नाही घेतलीत? सगळा कारभार एका पडद्यावर दाखवणारी सॉफ्टवेअर तेव्हाही मिळत होती की.

मामा : मिळत होती, घेतलीही होती. पाच कंपन्यांचे पाच पडदे. सर्व्हरवाल्याचा पडदा म्हणायचा, सर्व्हर ठीक. डेटाबेसवाल्याचा म्हणायचा, डेटाबेस ठीक. टेपवाल्याचा म्हणायचा, टेप ठीक. आणि सगळं ठीक असताना एखाद्या शाखेत पासबुक छापलं जात नसायचं. साहेबांचा प्रश्न एकच असे, सकाळी शाखा वेळेवर सुरू होतील ना? त्या प्रश्नाचा पडदा कुणी विकत नव्हतं, कारण तो पाचही कंपन्यांच्या मधल्या फटीत राहत होता. मग मी चाळीसेक ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. पहाटे पाचला ती एकेका सर्व्हरच्या दारात जायची. डिस्क किती भरली? रात्रीची बॅच संपली का? बॅकअपच्या फाइलवर आजची तारीख आहे का, आणि तिचा आकार कालच्याच्या आसपास आहे का? सगळी उत्तरं एका कागदावर छापून यायची. नाव होतं काकडआरती.

भाची : नाव तू ठेवलंस?

मामा : रात्रपाळीच्या शिपायाने. कागद तोच आणून द्यायचा.

भाची : तुमच्यासारख्यांवर संशोधन झालंय, माहीत आहे? आयबीएमची कॅलिफोर्नियातली अल्माडेन नावाची प्रयोगशाळा. तिथली माणसं कितीतरी दिवस ॲडमिन लोकांच्या शेजारी जाऊन बसली, त्यांच्या कामाचं चित्रण केलं. २०१२ मध्ये त्यावर ऑक्सफर्डने पुस्तक काढलं. त्यांना दिसलं ते हेच. चकचकीत पडदे बाजूला, आणि ही मंडळी काळ्या खिडकीत टाइप करतायत, स्वतःच्या स्क्रिप्ट चालवतायत, आणि अडलं की एकमेकांना फोन लावतायत.

मामा : बघ!

भाची : बघ काय? तू त्यावरून म्हणणार, घरचं हत्यार भारी. मी म्हणते, बाजारातलं तोकडं पडत होतं म्हणून घरचं करावं लागलं. भूक लागली म्हणून खाल्लं, यावरून स्वयंपाक चांगला होता असं सिद्ध होत नाही.

मामा : बरं. मग बाजारात जे आलं ते कुणाच्या स्वयंपाकघरातून आलं ते बघ. लॅरी वॉलला अहवाल काढायचे होते, ऑक नावाचं हत्यार अपुरं पडत होतं. म्हणून त्याने १९८७ मध्ये पर्ल ही भाषा लिहिली. पुढची पंधरा-वीस वर्षं जगातल्या निम्म्या ॲडमिनांची पोळी तिच्यावर भाजली गेली. दुसरा टोबियास ओटिकर. इंग्लंडात लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात होता. अख्ख्या जागेला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच लाइन, ६४ किलोबिटची. तुझा फोन आज याच्या कैकपट वेगाने रील दाखवतो. जो तो विचारायचा, लाइन एवढी मंद का? त्याने एक स्क्रिप्ट लिहिली. दर पाच मिनिटांनी राउटरला विचारायचं, आजवर किती बाइट आले आणि किती गेले. त्यातून आधीचा आकडा वजा करायचा आणि आलेख काढून वेबपानावर टाकायचा. १९९५ मध्ये त्याने ती सगळ्यांना देऊन टाकली. नाव एमआरटीजी. आमच्या बँकेतही तो हिरवा डोंगर आणि त्यावरची निळी रेघ भिंतीवरच्या मॉनिटरवर कायम असायची. आता सांग, ही काय कुणा मोठ्या कंपनीने बैठक घेऊन काढलेली वस्तू आहे?

भाची : ती गोष्ट तू अर्धी सांगितलीस. ओटिकरची पहिली आवृत्ती पर्लमध्ये होती आणि हळू होती. त्याने ती जगापुढे ठेवली म्हणून अमेरिकेतल्या डेव्ह रँडच्या हाती पडली. त्याने त्यातला जड भाग सी भाषेत लिहून पाठवला आणि मग ती पळायला लागली. पुढे ओटिकरनेच आकडे साठवण्याचा भाग वेगळा काढून १९९९ मध्ये आरआरडीटूल केलं. म्हणजे ती चांगली झाली ती त्याची एकट्याची राहिली नाही तेव्हा. तुझी काकडआरती कुणी वाचली होती? तिची ओळन् ओळ तुझ्याशिवाय दुसऱ्याने कधी बघितली?

मामा : शिपाई बघायचा. कागद.

भाची : मामा!

मामा : नाही बघितली. कबूल. पण एक गोष्ट त्या कागदात होती जी तुमच्यात नसते. तुमच्या यंत्रणा काही बिघडलं की ओरडतात. माझा कागद सगळं ठीक असलं तरी यायचा. तो आला नाही, तर समजायचं की बिघडलंय.

भाची : हे मात्र शंभर टक्के. गिटलॅबचं २०१७चं प्रकरण याच्यावरच आहे. त्या कंपनीने स्वतःच सगळं जाहीर लिहून ठेवलंय. ३१ जानेवारीची रात्र. मुख्य डेटाबेस आणि त्याची जुळी प्रत यांचा मेळ बसत नव्हता. थकलेल्या इंजिनिअरला जुळ्याचं फोल्डर पुसून नव्याने भरायचं होतं. त्याने पुसण्याचा हुकूम दिला आणि एक-दोन सेकंदांत लक्षात आलं की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. तीनशे जीबीपैकी साडेचार उरले होते.

मी : पण बॅकअप असेल ना?

भाची : तीच तर गंमत, बाबा. रोज बॅकअप घेणारी स्क्रिप्ट होती. पण डेटाबेस नव्या आवृत्तीचा, ९.६, आणि स्क्रिप्ट उचलत होती ९.२चं हत्यार. ते रोज म्हणायचं, आवृत्ती जुळत नाही, आणि थांबायचं. हे सांगणारी मेलही रोज निघायची. पण त्या मेलवर योग्य सही नव्हती, म्हणून समोरचा मेल सर्व्हर ती परत पाठवायचा. बॅकअप नाही आणि बॅकअप नाही हे सांगणारंही कुणी नाही. कुणीतरी सहा तासांपूर्वी चाचणीच्या कामासाठी हाताने डिस्कची एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांतला मजकूर गेला तो गेलाच.

मामा : काकडआरतीने पहिल्याच पहाटे सांगितलं असतं, कालची फाइल नाही.

भाची : असतं. आणि तू रजेवर असतास तर?

यावर मेव्हणा काही बोलला नाही. फर्म्याच्या एका भोकात करंगळी घालून फिरवत राहिला. मग स्वतःहूनच सुरू झाला.

मामा : तुला एक सांगतो, हे तुझ्या मामीलाही माहीत नाही. एकतीस मार्च होता, वर्षअखेर. अख्खी बँक जागी. जुने बॅकअप एका वेगळ्या डिस्कवर असायचे. रोज रात्री दोनला झाडू नावाची माझी स्क्रिप्ट तिथे जायची आणि नको ते काढून टाकायची. तिच्यात एका ओळीत दोन हुकूम होते. सीडी, म्हणजे त्या फोल्डरमध्ये जा. आरएम, म्हणजे आहे ते सगळं काढ. मधे अर्धविराम. त्या संध्याकाळी कशासाठी तरी ती डिस्क सोडवली होती आणि परत जोडायची राहिली.

भाची : अरे देवा. म्हणजे सीडी फसलं.

मामा : जायला जागाच नव्हती, फसणारच. स्क्रिप्ट जिथे होती तिथेच उभी राहिली. आता क्रॉनने, म्हणजे मशीनच्या वेळापत्रकाने, रूटच्या, म्हणजे मुख्य ॲडमिनच्या, नावाने काही चालवलं की ते रूटच्या घरात सुरू होतं, आणि आमच्या त्या युनिक्सवर रूटचं घर म्हणजे सगळ्या फाइलींचं मूळ, नुसती तिरकी रेघ. आरएमने तिथे सुरुवात केली. वर्णानुक्रमाने.

भाची : बिन पहिलं!

मामा : बिन पहिलं. सगळे हुकूम जिथे राहतात तेच घर. मी सहज एलएस टाइप केलं तर मशीन म्हणालं, असा हुकूम सापडत नाही. मला वाटलं स्पेलिंग चुकलं. दोन अक्षरांचं स्पेलिंग! पुन्हा टाइप केलं. मग उठून धावत गेलो आणि सर्व्हरचं बटण दाबून वीजच तोडली. सकाळपर्यंत टेपवरून सगळं परत भरत होतो. एक एप्रिलला बँक ग्राहकांसाठी बंद असते, म्हणून अब्रू वाचली.

मी : पण अर्धविरामाच्या जागी काय हवं होतं?

भाची : दोन अँपरसँड, बाबा. शेलच्या भाषेत अर्धविराम म्हणजे पहिलं झालं, न झालं, दुसरं कर. दोन अँपरसँड म्हणजे पहिलं नीट झालं तरच दुसरं कर.

मी इतकी वर्षं अर्धविराम तपासतो आहे. चुकीच्या जागी पडला तर वाक्य लंगडतं, वाचक ठेचकाळतो, लेखक माझ्यावर चिडतो. त्याच्यापायी बँक उताणी पडू शकते हे मला नवीन होतं. मराठीत आपण 'जा आणि घेऊन ये' म्हणतो तेव्हा त्या 'आणि'च्या पोटात एक 'तरच' असतं. पोहोचलास तर घेऊन ये. हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. यंत्राला लिहून द्यावं लागतं.

भाची : आणि म्हणूनच, मामा, मी पायऱ्या सांगणाऱ्या स्क्रिप्टच्या विरुद्ध आहे. माठात दोन हंडे पाणी घाल असं सांगितलं आणि घरातल्या दोघांनी ते ऐकलं, तर घरभर पाणी. त्यापेक्षा माठ भरलेला असू दे, असं सांगावं. रिकामा असेल तर भरेल, भरलेला असेल तर कुणी हात लावणार नाही, आणि दहा वेळा सांगितलं तरी वावगं होणार नाही. सीएफएंजिन, पपेट, अँसिबल ही सगळी हत्यारं याच विचारावर उभी आहेत. काय कर हे सांगायचं नाही, काय असायला हवं ते लिहायचं.

मामा : आणि सीएफएंजिन कुणी केलं?

भाची : मार्क बर्जेसने. १९९३, ऑस्लो विद्यापीठ.

मामा : कुठल्या खात्यात होता?

भाची : भौतिकशास्त्राच्या. (हसून) बरं, हो. आपल्याच खात्यातले संगणक सांभाळायला त्याने ते लिहिलं.

मामा : आणि पपेट करणारा ल्यूक केनीज स्वतः ॲडमिनच होता, सीएफएंजिन वापरून वापरून त्याला खटकायला लागलं म्हणून त्याने २००५ मध्ये आपलं वेगळं काढलं. म्हणजे तू ज्याला बाजार म्हणतेस तो आमच्यासारख्यांच्या ओसरीवरच भरलाय. आणि दुसरं, माझ्या झाडूने एक सर्व्हर झोपवला. तुमची हत्यारं एका फटक्यात किती झोपवतात? २०१७च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनच्या एस३ या साठवण-सेवेचं काय झालं?

भाची : ठरलेल्या कार्यपद्धतीप्रमाणेच काम चाललं होतं. थोडे सर्व्हर काढायचे होते. हुकूम देताना एक नोंद चुकली आणि भलतेच जास्त निघाले. मग दोन आख्ख्या उपयंत्रणा पहिल्यापासून सुरू कराव्या लागल्या, ज्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात कित्येक वर्षांत तशा सुरू केल्याच नव्हत्या. चारेक तास गेले.

मामा : आणि फेसबुक? ४ ऑक्टोबर २०२१. देखभालीच्या एका हुकमाने त्यांची डेटा सेंटरं जोडणारा कणाच तुटला. असा हुकूम अडवायला तपासणीचं एक हत्यार ठेवलेलं होतं, त्याच्यातच बग निघाला. सहा तास जग थांबलं. दुरुस्तीची हत्यारंही त्याच नेटवर्कवर, म्हणून शेवटी माणसं गाड्या काढून डेटा सेंटरात गेली.

भाची : मग हातानेच करायचं का सगळं? नाइट कॅपिटल नावाची शेअर दलाली करणारी अमेरिकन कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२. नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर हाताने चढवलं. सातांवर चढलं, आठवा राहिला. त्या आठव्यावरचा जुना, कधीचा पडून असलेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात भलत्याच खरेदी-विक्रीचा पाऊस पडला. सुमारे ४४ कोटी डॉलर गेले. कंपनीही पुढे टिकली नाही.

मामा : हाताने करणं वेगळं आणि हाताने घडवलेलं हत्यार वेगळं. मी पहिल्याची वकिली करत नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की हत्यार घडवताना माणसाला यंत्रणा कळते. फर्मा करताना सुताराला भिंत कुठे वाकडी आहे ते कळलं. तयार फर्मा आणला असता तर ते कपाट उभं केल्यावर कळलं असतं.

भाची : हे मला मान्य आहे. १९८३ मध्ये लिझान बेनब्रिज या बाईंनी स्वयंचलनातल्या विसंगतींवर एक निबंध लिहिला, आमच्याकडे अजून सगळे त्याचं नाव घेतात. सोपं सोपं यंत्राकडे दिलं की माणसाच्या वाट्याला फक्त अवघड उरतं, आणि सोप्याचा सराव गेल्यामुळे नेमकं तेच त्याला जमत नाही. पण हेच तुझ्यावर उलटतं. घडवताना कळतं ते घडवणाऱ्याला. मला काय?

मामा : तुला म्हणजे?

भाची : मी नेहमी दुसरी असते, मामा. मी या टीममध्ये आले तेव्हा एका सोडून गेलेल्या माणसाच्या चाळीसेक स्क्रिप्ट मला वारसाहक्काने मिळाल्या. त्यातल्या एकीत एक ओळ आहे, ४७ सेकंद थांब. का थांब? पंचेचाळीस का नाही? कुणाला माहीत नाही. आम्ही ती तीनदा नव्या यंत्रणेवर नेली आणि तिन्ही वेळा सत्तेचाळीस तसंच ठेवलं, कारण काढायची हिंमत कुणालाच झाली नाही. त्या माणसाची सगळी समज त्या ओळीत असेल. मला फक्त हुकूम दिसतो. आता सांग पाडव्याचं.

मामा : (उसासा टाकून) झाडूत पुढे मी एक ओळ घातली होती, दोन तारखेला काही करू नकोस. एकीला पेन्शनची यादी तयार व्हायची आणि दोनला तिच्यावरून मेळ घालायचे. त्या फाइली झाडूच्याच वाटेत पडायच्या. माझ्यानंतर आलेला मुलगा हुशार आहे. त्याला ती ओळ खुळचट वाटली, त्याने काढली. पाडवा नेमका दोन नोव्हेंबरला. याद्या गेल्या, आणि मला फोन.

भाची : ओळीच्या शेजारी कारण का नाही लिहिलंस?

मामा : मला वाटलं, मी आहेच की.

एवढ्यात तिचा फोन टेबलावर थरथरला. तिने लॅपटॉप ओढला. कुठल्याशा सर्व्हरची डिस्क ८५ टक्के भरली होती. मेव्हणा खुर्ची सरकवून तिच्या खांद्यावरून बघू लागला, मीही चष्मा चढवला. तिने काहीतरी चार शब्द टाइप केले. पडद्यावर यादी आली: या या फाइली काढता येतील, एवढ्या जुन्या, एवढी जागा मोकळी होईल. खाली लिहिलं होतं, अजून काहीही काढलेलं नाही. पुढे जायचं असेल तर सर्व्हरचं पूर्ण नाव टाइप करा.

मामा : हे कुठल्या कंपनीचं?

भाची : (जरा लाजून) माझंच आहे.

मामा : अस्सं!

भाची : मी कुठे म्हटलं की लिहायचंच नाही? गूगलने तर नियमच केलाय. बेन ट्रेनर स्लॉस यांनी २००३ मध्ये तिथे साइट रिलायबिलिटीचं खातं उभं केलं. इंजिनिअरचा निम्म्याहून जास्त वेळ हमालीत जाता कामा नये, उरलेल्यात त्याने हमाली संपवणारी हत्यारं घडवायची. तू जे साहेबाच्या नजरेआड, चहाच्या वेळेत केलंस, त्याचा मला पगार मिळतो.

मामा : नाव टाइप करायला का लावतेस? वाय दाबून भागलं असतं.

भाची : वायवर बोट आपोआप पडतं. रात्री तीनला तर डोळे मिटून पडतं. नाव टाइप करायचं तर ते वाचावं लागतं, आणि वाचलं की कळतं आपण कुठल्या मशीनवर आहोत. आणि ही यादी म्हणजे तालीम. आधी दाखव, मग कर. ॲमेझॉननेही त्या प्रकारानंतर आपल्या हत्याराला आवर घातला. सर्व्हर काढणारं त्यांचं हत्यार आता सावकाश काढतं, आणि ठरावीक आकड्याच्या खाली जाऊच देत नाही. तुझ्या भाषेत, त्यांनी अर्धविराम खोडून 'तरच' घातलं.

मामा : वाचू दे मला ती.

तिने स्क्रिप्ट उघडून दिली. मेव्हण्याला बराच वेळ लागला. हुकमांपेक्षा टिपणं जास्त होती. अमुक फोल्डर वगळलं आहे, कारण हिशेब विभाग ते महिनाअखेरीला वाचतो. तमुक आकडा तीस दिवसांचा आहे, कारण ऑडिटला तेवढे लागतात. नियम बदलला तर हाही बदला. प्रत्येक बदलाखाली तो कुणी तपासला त्याची नोंद.

मामा : तुझ्या ऑफिसात हे सगळं करायला वेळ मिळतो?

भाची : भांडून मिळवावा लागतो. आणि आता नवीनच आहे. एआयला सांगितलं की मिनिटात स्क्रिप्ट लिहून मिळते. चालतेसुद्धा. पण मग घडवताना जे कळायचं ते कुणाला कळलं? तू निदान तुझ्या झाडूचा पहिला माणूस होतास. इथे पहिलाच कुणी नाही, आम्ही सगळेच दुसरे. म्हणून मी टीममध्ये सांगितलंय, कुणाकडूनही लिहून घ्या, पण प्रत्येक ओळ का आहे हे ज्याला सांगता येईल त्यानेच ती चढवायची.

मामा : हे मी तीस वर्षांपूर्वी ऐकलं असतं तर?

भाची : ऐकलं नसतंस.

मामा : नसतंच. पण त्या मुलाला मी उद्या फोन करतो. झाडू आणि काकडआरती, दोन्हींची ओळन् ओळ बसून सांगतो. आठवतंय तोवर.

भाची : सांगू नकोस. लिहून दे. बाबा तपासतील.

मेव्हणा हसला आणि फर्मा परत सांगाड्याला टेकवायला गेला. तेव्हा मला दिसलं की पट्टीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आहे. पेशाची सवय, अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. एका टोकाशी बाण आणि 'वर'. मधे, 'ही बाजू भिंतीकडे'. खालच्या टोकाशी, पहिल्या भोकाजवळ, '९ इंच, जाड पुस्तकं'. खालचा खण उंच हवा हे मीच सुताराला सांगितलं होतं. पट्टी एका अंगाला सुलटी आणि दुसऱ्या अंगाला उलटी धरली असती, तर सगळ्या फळ्या तिरक्या बसल्या असत्या.

सोमवारी सकाळी सुतार आलाच नाही. त्याला दुसऱ्या साइटवर जायचं होतं. त्याचा पोरगेला मदतनीस एकटा आला, ड्रिल मशीन घेऊन. त्याने पट्टी उचलली, पालथी केली, पेन्सिलीचं लिहिलेलं वाचलं, पुन्हा सुलटी करून बाण वर धरला आणि पहिलं भोक पाडलं. दुपारपर्यंत फळ्या बसल्या होत्या. फोन कुणालाच करावा लागला नाही.